कमळाचे वीस पैसे

नाकाला रुमाल लावून सुक्या मासळीच्या बाजारात शिरणारा माणूस एक तर वाट चुकलेला असतो, नाही तर हट्टाने आलेला. डहाणूच्या बाजारात त्या रविवारी मुक्ताच्या पुढ्यात येऊन उभा राहिलेला तरुण दुसऱ्या प्रकारचा निघाला.

एरवी ती जागा मुक्ताच्या आईची, मनोरमाची. पण थंडी सुरू झाली आणि आईचा गुडघा धरला, म्हणून सुट्टीच्या दिवशी मुक्ता टोपली घेऊन बसू लागली. आठवडाभर ती वेवजीच्या आरोग्य उपकेंद्रात नर्स. लहान पोरांना बोलता बोलता सुई टोचायची कला तिला साधली होती. गिऱ्हाइकाशी बोलणं त्यामानाने सोपंच.

"काय देऊ?" तिने विचारलं. "बोंबील, सुकट, मांदेली…"

"सुट्टे," रुमालाआडून उत्तर आलं.

त्याला जुनी नाणी जमवायचा नाद होता. मासळीवाल्यांच्या पिशवीत कुठली कुठली नाणी येऊन पडतात, म्हणून नोट देऊन तो सुट्टे घेई आणि त्यात चाळून बघे. हे सगळं त्याने एका दमात सांगितलं, कारण दम धरूनच उभा होता. मुक्ताला हसू आलं. तिने आईची कापडी पिशवी पाटीवर उपडी केली.

तो उकिडवा बसला. नाणं पाहताना त्याचा एक डोळा आपोआप बारीक व्हायचा आणि चेहरा लहान मुलासारखा दिसायचा. ते जरा जास्तच वेळ आपण बघतोय, हे मुक्ताच्या उशिरा लक्षात आलं… मग तिने उगाचच बोंबील सारखे केले.

पिशवीच्या तळातून एक पिवळंजर्द नाणं निघालं. पितळेचे वीस पैसे, मधोमध कमळ.

"हे आता कुठे चालतं? न्या तुम्ही," मुक्ता म्हणाली.

"असं फुकट नाही नेत मी."

"मग सुकट घ्या."

"आमच्या घरी… आम्ही खात नाही."

"नका खाऊ. पण भवानीच्या वेळी रिकाम्या हाताने कुणी जायचं नाही."

सुकटीची पुडी अंगापासून लांब धरून तो निघाला. वळणावर त्याने एकदा मागे पाहिलं. मुक्ता त्याच्याकडेच बघत होती, पण पकडली गेल्यावर तिने शेजारच्या कोळणीला हाक मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तलासरीच्या एसटीत तोच तिच्या शेजारी येऊन बसला. नाव पियुष. राहायला मसोलीला, नोकरी तलासरीच्या तहसील कचेरीत. सुकट गल्लीतल्या मांजरीला दिली, आणि ती आता आपलं घर सोडत नाही, अशी त्याची तक्रार होती. मुक्ताने तोंडावर ओढणी धरली, तरी खांदे हसतच राहिले.

मग रोजचंच झालं. तो खिडकीची जागा धरून ठेवी, ती चढली की स्वतः बाजूला सरके. ती तलासरीला उतरून वेवजीची जीप पकडे, आणि जीप हलेपर्यंत पियुषला कचेरीचा उशीर चाले. "तुम्ही"चं "तू" कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

एकदा त्याने तिला आपला अल्बम दाखवला. पहिल्याच कप्प्यात एक साधा रुपया होता, पण त्याचा छापा एका बाजूला सरकलेला, अर्धा भाग कोरा. त्याचे वडील डहाणू रोड स्टेशनात तिकिटं द्यायला बसत. कुणा प्रवाशाकडून तो रुपया आला. वडिलांनी खिशातला रुपया गल्ल्यात टाकून तो घरी आणला आणि काविळीने झोपलेल्या पियुषच्या हातात ठेवला. या नादाची सुरुवात तिथली. वडील करोनात गेले. त्या रुपयासाठी लोक मागे लागत, पण तो कुणाला हातसुद्धा लावू देत नसे. हे सांगताना त्याने अल्बम मुक्ताच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाला, "काढून बघ ना."

मुक्ताने तो रुपया दोन बोटांत धरला. मग जपून परत कप्प्यात सरकवला.

आईचा गुडघा बरा झाला आणि ती बाजारात जायला निघाली. निघताना तिने पिशवी चाचपली, उलटी केली, शिवण उसवून पाहिली. शेवटी हळूच विचारलं, "कमळाचं नाणं कुठं गेलं गं?"

ते कुणाला दिलं, ते मुक्ताने सांगितलं.

लग्न ठरलं तेव्हा दशरथने, मुक्ताच्या वडिलांनी, ते नाणं विवळवेढ्याच्या जत्रेत मनोरमाला दिलं होतं. तेव्हा ते दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी होते. कमळाच्या नाण्यात सोनं असतं, अशी लोकांची समजूत. खरं सोनं मागाहून करू, तोवर हे ठेव, असं ते म्हणाले होते. सोनं काही जमलं नाही, आणि मनोरमाने कधी विचारलंही नाही. दशरथ जाऊन तीन वर्षं झाली होती. रोज भवानीच्या आधी ती ते नाणं कपाळाला लावायची. पोरीला यातलं काहीच ठाऊक नव्हतं; आईने ते आज पहिल्यांदा सांगितलं.

आई रागावली नाही. जाऊ दे, तुला काय माहीत, एवढंच म्हणाली आणि टोपली उचलून चालू लागली. ती रागावली असती तर बरं झालं असतं, असं मुक्ताला वाटलं.

सोमवारी तिने पियुषला सगळं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला. ते नाणं त्याच्याजवळ नव्हतंच. तलासरी नाक्यावर घड्याळं दुरुस्त करणारे जीवनभाई जुने संग्राहक. त्यांच्या संचात नेमकं ते एकच कमी होतं, म्हणून त्याने दुसऱ्या नाण्याच्या बदल्यात त्यांना दिलं होतं. संचात गेलेलं नाणं जीवनभाई परत काढत नाहीत, ही त्यांची ख्याती.

"आणतो मी," पियुष म्हणाला. "तू काळजी करू नकोस."

आठवड्याच्या आतच त्याने ते आणून मुक्ताच्या तळहातावर ठेवलं. कसं जमवलंस, या प्रश्नावर तो बाहेरच्या ताडांकडे बघत राहिला. घरी मनोरमाने ते नाणं आधी डोळ्यांना लावलं, मग पदराच्या टोकात बांधलं, आणि कितीतरी महिन्यांनी ती काम करता करता गुणगुणली.

पण पियुष अल्बम काही दाखवेना. आज विसरलो, आज पिशवी दुसरी आहे… मुक्ताला संशय आला. एका सकाळी तिने त्याच्या बॅगेतून तो सरळ ओढून काढला. पहिला कप्पा रिकामा होता.

जीवनभाईंनी कमळाच्या बदल्यात काय घेतलं, ते तिला कळलं.

"हे का केलंस?" तिने विचारलं.

"वडिलांच्या पुष्कळ वस्तू आहेत माझ्याजवळ," तो म्हणाला. "तुझ्या आईपाशी तेवढं एकच होतं."

मुक्ताचे डोळे भरून आले. तिने अल्बम मिटून त्याच्या मांडीवर ठेवला, आणि तिचा हात त्या अल्बमवरच राहिला… त्याच्या हाताला लागून.

संध्याकाळी वेवजीहून परतताना ती एकटीच जीवनभाईंच्या दुकानात गेली. डोळ्याला भिंग लावून ते एका घड्याळात वाकले होते. बदल्यात देण्यासारखं आपल्याकडे काही नाही, हे तिने आधीच सांगून टाकलं. मग विवळवेढ्याची जत्रा सांगितली, काविळीतला पोरगा सांगितला. जीवनभाई कठोर नव्हते. पण सौदा पियुषने आपल्या राजीखुशीने केला होता, त्यांनी त्याच्यावर जोर केला नव्हता, हे त्यांनी शांतपणे बजावलं.

"खरं आहे," मुक्ता म्हणाली. "काका, तुमचं असं एखादं नाणं आहे का, जे कुणी काहीही दिलं तरी तुम्ही देणार नाही?"

जीवनभाईंनी भिंग काढलं. ते अल्बमकडे वळले नाहीत. सदऱ्याच्या आतल्या खिशातून त्यांनी एक झिजलेला रुपया काढला. बाजारात त्याची किंमत रुपयाच. एकदा त्यांची बायको वलसाडच्या दवाखान्यात होती, जगते की नाही अशी. घरी फोन करा, पोरं घाबरली असतील, म्हणून तिनेच उशाखालून तो काढून दिला. दवाखान्यातला नाणं टाकायचा फोन बंद होता. हातात रुपया घेऊन ते परत फिरले, तर बायको उठून बसली होती आणि चहा मागत होती.

"आज बी सकाळथी चार वेळा चहा झाला तिचा," जीवनभाई म्हणाले आणि त्यांनी तो रुपया परत खिशात ठेवला. मग त्यांनी कपाट उघडलं, सरकलेल्या छाप्याचा रुपया काढून कागदात गुंडाळला आणि तिच्यापुढे ठेवला. "त्याला सांग, सौदा झालाच नाही. संच अपुरा राहिला तर राहू दे. आणि बेन, तो पोरगा व्यवहारात अगदी कच्चा आहे. त्याला सांभाळ."

मुक्ताने वाकून नमस्कार केला. सांभाळ या शब्दाने कान तापले होते, ते दिसू नयेत म्हणून ती वाकलेलीच जरा जास्त वेळ राहिली.

रविवारी दुपारी तिने पियुषला किनाऱ्यावर बोलावलं. सुरूच्या झाडांतून गार वारा येत होता. त्याने कागद उघडला. नाण्यावरून अंगठा फिरवत राहिला, आणि मग पाठ वळवून समुद्राकडे तोंड करून उभा राहिला. मुक्ताने त्याला तसं उभं राहू दिलं.

"मुक्ता," परत वळून तो म्हणाला, "मी घरी सांगितलंय. बाला… म्हणजे आईला."

"काय सांगितलंस?"

"हेच की… एक मुलगी आहे. डहाणूची. कोळ्यांची."

"मग?"

"दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, तिच्या स्वयंपाकाची भांडी वेगळी ठेवू, पण मुलगी वेगळी ठेवायची नाही."

वाऱ्याने मुक्ताचे केस तोंडावर आले. ते तिने तसेच राहू दिले.

"आणि मुलीला विचारलंस का?"

"तेच विचारतोय," तो म्हणाला. "माझ्याशी लग्न करशील?"

"इतका वेळ लावलास," मुक्ता म्हणाली. "हो. करीन."

दोघं घराकडे आली तेव्हा मनोरमा अंगणात बोंबील उलटत होती. तिने आधी पोरीचा चेहरा पाहिला, मग पियुषचा. काही न विचारता तिने हात धुतले, चहा टाकला, आणि कपबशी त्याच्यापुढे ठेवून समोरच बसली. मुक्ता दाराआड उभी राहिली.

"तुझ्या आईला कधी आणतोस?" मनोरमाने विचारलं.

पियुषने बशी खाली ठेवली. "मावशी… आज आणू?"

मनोरमाने घरभर नजर फिरवली, दाराआडच्या पोरीवर क्षणभर थांबवली, आणि म्हणाली, "आज नको. आज घर आवरलेलं नाही. उद्या आण."