सुमेधाच्या पाकिटातली प्लेट

सुरेंद्र गद्रे आत आले ते हातातलं तपकिरी पाकीट टेबलावर आपटूनच. पिंपरीच्या एका कारखान्यात टूलरूमचे इन्स्पेक्टर, हजारांश इंचाची चूक पकडणारा माणूस; पण त्या गुरुवारी सकाळी त्यांना समोरची खुर्चीसुद्धा धड दिसत नव्हती.

शरच्चंद्र देवस्थळींचं खासगी तपासाचं ऑफिस चिंचवड स्टेशनाजवळ होतं. मदतीला काळेवाडीचे मारुतराव. देह दांडगा, मन निर्मळ, डोकं जरा सावकाश. हे ते स्वतःच सांगत, म्हणून आपण म्हटलं तर पाप लागायचं नाही.

गद्र्यांची एकुलती एक सुमेधा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. विद्यार्थ्यांच्या देवाणघेवाणीत एक वर्ष पश्चिम जर्मनीला जायला तिची निवड झाली. चौऱ्याहत्तर साली ही काय खायची गोष्ट होती? पासपोर्ट, देवीच्या लशीचं पिवळं पुस्तक, जर्मनच्या परीक्षेचा दाखला, हमीपत्र, छातीच्या एक्स-रेचा रिपोर्ट, असं एकेक जमवताना घरादाराचे जोडे झिजले होते.

एवढ्यावर भागेल असं वाटलं, तर सोमवारी निवड समितीचं नवं पत्र आलं: रिपोर्टसोबत एक्स-रेची मूळ प्लेटही आणा. बुधवारी सुमेधा पाकीट घेऊन समितीच्या कचेरीत गेली. तिथल्या डॉक्टरांनी प्लेट उजेडात धरली आणि त्यांचा चेहराच बदलला. फुप्फुसावर सरळसरळ क्षयाचा डाग होता, आणि रिपोर्टात लिहिलं होतं, छाती स्वच्छ.

"रिपोर्ट खोटा आहे म्हणतात," गद्रे म्हणाले. "नवी प्लेट काढून आणतो म्हटलं, तर ती तरी हिचीच कशावरून, असं विचारतात. ही प्लेट कुणाची ते शनिवारी बारापर्यंत लेखी द्या, नाहीतर नाव कापून दुसऱ्या नंबरच्या मुलाला पाठवू."

देवस्थळींनी प्लेट खिडकीशी धरली. डागाखेरीज पाठीच्या कण्याजवळ वाटाण्याएवढे दोन पांढरे ठिपके होते. ते धुताना पडले असतील असं तिथले डॉक्टर म्हणाले होते.

"दुसरा नंबर कुणाचा?" मारुतरावांनी विचारलं. कुरुळीच्या सयाजीचा, असं कळताच त्यांच्या मनात खटला निकालीसुद्धा निघाला.

आधी दोघं एक्स-रेवाल्या नानासाहेबांकडे गेले. म्हातारा आधीच वैतागलेला. सुमेधाचा एक्स-रे झाला त्याच दिवशी तिच्या आईनंही, पद्माबाईंनी, प्लेट काढून घेतली होती. खोकला हटत नव्हता म्हणून गद्र्यांनीच आग्रह धरला होता. प्लेटवर नाव नसतं, फक्त पाकिटावर, हे त्यांनी कबूल केलं. पण सुमेधाची प्लेट इथल्याच डॉक्टरांनी तिच्यादेखत पाकिटातून काढली, रिपोर्ट लिहिला आणि त्याच पाकिटात परत घातली. पद्माबाईंची घरच्या डॉक्टरांना दाखवायची होती, ती इथे कुणी पाहिलीच नाही. "माझ्याकडून गफलत नाही. बायकांना कितीही सांगा, अंगावरचं सगळं काही उतरवत नाहीत, आणि बोलणी मला बसतात," असं पुटपुटत ते आत गेले.

सयाजी मात्र घाबरला नाही. मंगळवारी आपण गद्र्यांकडे गेलो होतो, पत्र बघायला, आणि पाकीट तिथेच टेबलावर होतं, हे त्यानं आपणहून सांगितलं. "मला जायचं हाय, खोटं कशाला बोलू? पन कुनाचा घास हिसकून न्हाई जानार."

"चोर कधी चोरी केली म्हणतो का?" बाहेर आल्यावर मारुतराव म्हणाले.

संध्याकाळी गद्र्यांच्या घरी सुमेधानं चहा दिला. पोरीचे डोळे सुजले होते. आपल्याला खरंच क्षय असेल का, या धास्तीनं ती रात्रभर जागी होती. पद्माबाई दाराच्या चौकटीशीच उभ्या, तोंडावर पदर. त्यांची कपबशी वेगळ्या कोनाड्यात होती. सुमेधा जवळ जाताच त्या दोन पावलं मागे सरकल्या. बाईंचं सोवळं भारी कडक दिसतंय, असं मारुतरावांना वाटलं. महिनाभर तर त्या गॅलरीतच झोपत होत्या, उकडतं म्हणे.

देवस्थळींनी एकच विचारलं. पद्माबाईंची प्लेट डॉक्टरांनी कधी पाहिली? "गेल्या शुक्रवारी," गद्रे म्हणाले. "मीच घेऊन गेलो होतो. स्वच्छ निघाली. साधं खोकल्याचं औषध दिलं."

शुक्रवारी दुपारी देवस्थळींनी सयाजीसह सगळ्यांना गद्र्यांच्या बैठकीत बसवलं.

"मूळ प्लेट मागणारं पत्र आलं सोमवारी," ते म्हणाले. "त्याआधी रिपोर्ट हातात आल्यावर सुमेधाच्या प्लेटला कुणी विचारणार नव्हतं. आणि अदलाबदल त्याआधीच्या शुक्रवारीच झालेली होती. मग सयाजीला तिचा काय उपयोग?"

"शुक्रवारीच कशावरून?" मारुतरावांनी विचारलं.

"कारण ही प्लेट विवाहित बाईची आहे. हे ठिपके म्हणजे मंगळसूत्राच्या वाट्या. गळ्यातून काढायचं नाही म्हणून पाठीवर टाकलं, तरी प्लेटवर उमटलंच. एक्स-रेच्या दिवशी या घरातल्या दोघींच्याच प्लेटा काढल्या. एक ही. मग शुक्रवारी डॉक्टरांनी जी स्वच्छ पाहिली ती सुमेधाची. नानासाहेबांकडे तर ती बरोबर पाकिटात होती, म्हणजे बदल घरात झाला. चुकून झाला म्हणावं, तर वेगळी कपबशी कशाला? गॅलरीत झोपणं कशाला? पद्माबाई, आजार तुम्हाला ठाऊक होता."

आपण त्याला सोवळं समजलो, याची मारुतरावांना लाज वाटली.

पद्माबाईंनी पदर खाली घेतला नाही. खोकताना रक्त पडलं तेव्हाच त्या समजून चुकल्या होत्या. पोरीला कळलं असतं तर ती गेलीच नसती. ती एकदा विमानात बसली की मग डॉक्टरांकडे जायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. तिची प्लेट आता कुणाला लागणार, असं वाटलं म्हणून पाकिटातल्या प्लेटा बदलल्या. आणि सोमवारी मूळ प्लेट मागणारं पत्र आलं. त्या प्लेटा परत बदलणार होत्या, पण बुधवारपर्यंत पाकीट एकदाही सुमेधाच्या नजरेआड झालं नाही.

"कारखान्यात मी हजारांश इंच पकडतो," गद्रे म्हणाले, "आणि घरातली बाई झिजतेय ते मला दिसलं नाही."

पद्माबाईंनी कागद मागून घेतला आणि सगळी हकिगत लिहून खाली सही केली. माझ्या मुलीचा यात काडीचा दोष नाही, हे वाक्य त्यांनी दोनदा लिहिलं. उद्या तिलाही तपासून घ्यावं लागेल, पण या कागदानं खोटेपणाचा शिक्का पुसला जाईल, असं देवस्थळी म्हणाले. गाडी करून कागद समितीच्या कचेरीत वेळेत पोचवायचं सयाजीनं अंगावर घेतलं.

सुमेधानं मात्र कागद हातातून सोडला नाही.

"मी जात नाही," ती म्हणाली.

"मग मी औषधाचा एक थेंब घेणार नाही," आई म्हणाली. दोघींच्या आवाजात तसूभर फरक नव्हता.

शेवटी सुमेधाच उठली. आईनं मागे सरकून पाहिलं, पण मागे भिंत होती.

"दवाखाना पाचला उघडतो. आज पहिलं इंजेक्शन घ्यायचं, माझ्यासमोर. पुढे रोज बाबा घेऊन जातील. मग उद्या हा कागद जाईल, आणि मीही जाईन."

पद्माबाई तिच्याकडे बघत राहिल्या. महिनाभर रक्त लपवताना त्या बाईनं डोळ्यांतून टिपूस काढला नव्हता.

"मला सुईची फार भीती वाटते गं," त्या म्हणाल्या, आणि लहान मुलीसारख्या रडायला लागल्या.