छोट्या लाइनच्या चाकातले केस

आधीच सांगते, आमच्या घरात भूतबित कोणी मानत नाही. दारातून आत आलं की समोरच्या भिंतीवर बावीस प्रतिज्ञा दिसतात. मी पंचवीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवून राहिले. हे लिहिताना मला माझीच लाज वाटते.

पण झालं ते झालं. खोटं काहून सांगू?

१९ मार्च २०२४. मंगळवार. दुपारचे तीन वाजून दहा मिनिटं. जबलपूर, राइट टाउन, आमचा दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट. अंधार नव्हता, लाइट गेलेली नव्हती. खिडकीतून रणरणतं ऊन येत होतं.

माझे मिस्टर, अनिमेष, यांना नोव्हेंबरमध्ये लकवा मारला. जीव वाचला. उजवा हात अर्धा राहिला. बोलणं गेलं.

पूर्ण गेलं. पाणी पाहिजे तर ग्लासाकडे बोट. एवढा बडबड्या माणूस, तीन महिने एक शब्द नाही. मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायची.

फेब्रुवारीत मुलगी यामिनी पुण्याहून आली. तिनं कॉम्प्युटरवर रेल्वेचा सिम्युलेटर टाकून दिला. म्हणजे घरबसल्या आगगाडी चालवायची.

"मम्मी, पापांच्या हाताला एक्सरसाइज होईल ना!"

झाली. आठ दिवसांत अनिमेषनं त्यात आपली बंद पडलेली छोटी लाइन, म्हणजे नॅरोगेज, बनवायला घेतली. जबलपूरहून गोंदियाला जायची ती. माझे सासरे लक्ष्मणराव त्याच गाडीवर ड्रायव्हर होते, त्यामुळे एकेक वळण याला पाठ.

आणि एका सकाळी तो बोलला.

"दिवाण."

मी हातातली कढई तशीच सोडून पळाले. दिवाणाखाली मामाजींच्या, म्हणजे सासऱ्यांच्या हातचा खेळ होता. चादरीत गुंडाळलेला. प्लायवूडचा मोठा पाट, पितळी पट्ट्यांचे रूळ, डालड्याच्या डब्याचं इंजिन, टेपरेकॉर्डरची मोटर. हाच पाट मांडून बाप-लेक सुट्टीच्या दिवशी गाडी चालवायचे. चाळीस वर्षं कोणी हात लावला नव्हता.

चादर सोडली. उंदराच्या लेंड्या. झाडं म्हणून लावलेली घोसाळ्याची जाळी काळी, चिकट झालेली. वास असा की दोन दिवस जेवण गेलं नाही. मी तर म्हटलं, फेकून द्या हे.

पण अनिमेष हसून राहिला होता! मग काय, फिनाइलचं पाणी घेतलं आणि पुसत बसले. यामिनीनं जायच्या आधी वायरी जोडून दिल्या.

तेव्हापासून, मी सकाळची शाळा करून आले की, रोज तीनला दोन गाड्या सुटायच्या. एक पडद्यावर, एक पाटावर. आणि अनिमेषला शब्द यायचे. "सिग्नल." "पूल." "भावना, बघ." माझं नाव त्यानं चार महिन्यांनी घेतलं हो!

त्या मंगळवारी पडद्यावरच्या गाडीनं ग्वारीघाट स्टेशन सोडलं. नर्मदेच्या पुलाआधी एक वळण आहे. तिथं...

धडधड बंद झाली.

गाडी चालूच होती. फक्त आवाज नव्हता. मग लक्षात आलं, पंख्याचाही आवाज नाही. पाती फिरून राहिली, आवाज नाही. खालच्या ऑटोवाल्यांचे हॉर्न नाहीत. माझ्या कानात काही झालं का, म्हणून मी टेबलावर हात आपटला. तोही ऐकू आला नाही.

मग एकच आवाज आला...

ओलं पोतं फरशीवरून ओढल्यासारखा. पाटाच्या दिशेनं.

पडद्यावरची गाडी थांबली. पाटावरचं इंजिनही थांबलं. त्याच वळणावर.

आणि सगळे आवाज परत आले.

अनिमेष घामानं भिजला होता. "अड...ली," तो म्हणाला.

मी इंजिन उचलून उलटं केलं.

चाकाच्या दांडीला केस गुंडाळलेले होते.

लांब. काळे. तेलकट. आमच्या घरात काळा केस आहेच कुठे? माझा बॉयकट, तोही पांढरा. अनिमेषला टक्कल. कामाला येणारी अंजनी मेंदी लावते, तिचे लालभडक. मी भुवयांच्या चिमट्यानं ओढायला लागले. निघतच राहिले. हातभर निघाले. खोबरेल तेलाचा वास, आणि त्याच्याखाली उन्हात पडलेल्या मटणाचा.

शेवटच्या झुपक्याला मुळाशी पांढरट, मऊ काहीतरी चिकटलं होतं.

शी! मी सिंकवर जाऊन ओकले. पुन्हा पुन्हा ओकले. चिमटा कचऱ्यात टाकला, साबणानं कोपरापर्यंत हात धुतले. वास जाईना.

यामिनीला फोन केला. "मम्मी, केस तर कोणाचेही असतात यार," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी स्वतः चाकं स्पिरिटनं पुसली. पाट झाकून चारी बाजूंनी सेलोटेप लावली. तीनला अनिमेषसमोर टेप काढली. गाडी सुटली. वळणावर सगळे आवाज गेले, ते पोतं ओढलं गेलं, गाडी अडली.

हातभर केस.

तेव्हा मी ठरवलं, बस झालं. कॉम्प्युटरची वायर काढली, पाट गॅलरीत उभा केला.

पहिल्या दिवशी अनिमेष "भावना" म्हणाला. दुसऱ्या दिवशी नुसतं "भा". तिसऱ्या दिवशी त्याचं बोट पुन्हा ग्लासाकडे गेलं. चौथ्या दिवशी बोटही उचललं नाही. स्पीच थेरपीवाल्या सुमेधा मॅडम माझ्यावर चिडल्या. "अहो, इतकं चांगलं चाललं होतं, बंद काहून केलं?"

पाचव्या दिवशी मी पाट आत आणला.

त्यानंतर रोज हेच. गाडी अडली की मी म्हणायची, "धूळ बसली असेल, थांब." इंजिन घेऊन मोरीत जायची. नाकाला ओढणी बांधून केस ओढायची, पिशवीत गाठ मारायची, तोंड धुऊन हसत बाहेर यायची. त्याला कळू नये एवढंच माझ्या मनात होतं. त्याच्या बापावर त्याचा फार जीव. त्या वळणावर त्यांच्या गाडीखाली कोण आलं असेल, हा विचार मला रोज यायचा. तो त्याला येऊ नये. घाबरून पुन्हा मुका झाला तर?

साडेतीन महिने मी हे केलं. माझं आठ किलो वजन उतरलं. हाताला वास येतो म्हणून मी पोळी काट्या-चमच्यानं खाते. शाळेत मुली हसतात.

जुलैच्या दोन तारखेला, अशीच मोरीतून इंजिन घेऊन बाहेर आले. अनिमेष पाटाशी बसला होता. माझ्याकडे न बघता, रूळ फडक्यानं पुसत, त्यानं विचारलं,

"आज किती निघाले?"

मी म्हटलं, "काय किती?"

"केस." तो हळूहळू, एकेक शब्द जुळवत बोलला. "रोज निघतात ना. बाबासुद्धा... रिटायर होईपर्यंत... खऱ्या इंजिनातून... रोज काढत होते."

मी इंजिन हातात घेऊन उभी राहिले. कोणाचे, कधीचे, मी विचारलं नाही. आजपर्यंत विचारलं नाही. तो शांतपणे रूळ पुसत होता. त्याला काहीच घाण वाटून राहिली नव्हती.

पण मला सगळ्यात जास्त किळस आली ती त्याची नाही, माझी स्वतःची.

लकवा मारल्यापासून इतकं लांब वाक्य तो पहिल्यांदा बोलला होता. आणि त्या क्षणी, हातात ते ओलं इंजिन धरून, मला आनंद झाला.