मिठाचा दिवस

तनूच्या कपाळावरच्या पट्टीतला दिवा मिठाच्या बरणीसमोर हिरवा झाला आणि शलाकाने ठरवलं, आजचा दिवस मिठाचा.

अकोल्यात आता निम्मी मुलं घरशाळेत शिकत होती. घरशाळेला वेळापत्रक नसे. सकाळी मुलाच्या कपाळाला ‘ओढपट्टी’ बांधायची, आणि तिचा दिवा जिथे हिरवा होईल तिथून दिवस सुरू करायचा. मूल कशाकडे ओढलं जातंय, हे पट्टी मेंदूतल्या सूक्ष्म लहरींवरून ओळखे. नियम एकच होता: दिवा हिरवा असेपर्यंत विषय बंद करायचा नाही.

शलाका वानखडे हा नियम मनापासून पाळे. सात वर्षांच्या लेकीला शिकवता यावं म्हणून तिने बँकेतली नोकरी सोडली होती. त्या दिवशी मायलेकींनी मिठाचं पाणी उन्हात ठेवलं, आटल्यावर तळाशी उरलेले खडे भिंगातून पाहिले. पण खडे हाती येईपर्यंत दिवा विझला होता. दुसऱ्या दिवशी तो किल्ल्यांच्या जुडग्यावर लागला, मग गॅसच्या बटणावर, मग पुन्हा मिठावर. शनिवारी भुसावळहून घरी आलेला नवरा, प्रमोद, पहिल्या घासालाच हसला. “तुझी लेक किराणा दुकान टाकणार बघ. आमटीतसुद्धा मिठाचाच प्रयोग दिसतोय.”

शलाकाला हसू आलं नाही. आपणच शिकवायला कमी पडतोय, पोरीचं लक्ष कुठे टिकवता येत नाही, असं तिला वाटत होतं. शेवटी तिने डॉ. हेमांगी ठोसरांना बोलावलं. ओढपट्टी बनवणाऱ्यांपैकी त्या एक होत्या. तनू त्यांना पट्टीवाली मावशी म्हणे.

“मेंदू सतत पुढचं भाकीत करत असतो, शलाकाताई,” ठोसर म्हणाल्या. “जिना उतरताना पाऊल कुठे टेकणार, हे त्याने आधीच ठरवलेलं असतं. एखादी पायरी कमी निघाली की तो दचकून जागा होतो. त्या जागं होण्यातूनच कुतूहल येतं. भाकीत चुकतं तिथे दिवा लागतो. जे पाठ झालंय तिथे तो विझलेलाच राहतो.”

“मग मिठात एवढं काय चुकतंय तिचं?”

ठोसरांनाही तेच कोडं होतं. एरवी मुलांची ओढ वेलीसारखी पसरते. मिठावरून समुद्रावर, समुद्रावरून होडीवर. तनूची नुसती उड्या मारत होती. विचार करता करता त्यांना आपणच घातलेलं एक बंधन आठवलं. घरातल्या माणसांवर पाळत राहू नये म्हणून पट्टीला माणसं वगळायला शिकवलं होतं. मुलाची ओढ माणसाकडे असेल तर पट्टी ती शेजारच्या वस्तूच्या नावावर टाकत असे. शलाकाला विचारून त्यांनी ते बंधन तात्पुरतं काढलं.

शलाका स्वयंपाकाला लागली. आमटीला उकळी आली, तिने मीठ टाकलं. ठोसरांशी बोलता बोलता पुन्हा एकदा टाकलं. तनूच्या कपाळावर हिरवा दिवा लागला, आणि ठोसर हातातल्या पडद्याकडे पाहतच राहिल्या. पडद्यावर मिठाची बरणी नव्हती. शलाकाचा चेहरा होता.

मिठातलं काय आवडतं ग तुला, असं त्यांनी तनूला सहज विचारलं.

“मीठ नाही आवडत,” तनू म्हणाली. “आई परत टाकते ना, ते बघते. आधी नव्हती टाकत.”

किल्ल्या फ्रीजमध्ये असतात. गॅसचं बटण फिरवून आई लायटर हातात धरून नुसती उभी राहते. मुंग्यांची रांग दाखवावी तसं तनू एकेक सांगत होती. तिच्या आवाजात तक्रार नव्हती.

शलाका म्हणाली, उन्हाळा आहे, झोप होत नाही, कोणाचंही होतं असं. ठोसरांनी वाद घातला नाही, फक्त नागपूरच्या एका मेंदूतज्ज्ञांचं नाव सांगितलं. तपासण्या झाल्या. एरवी म्हातारपणी गाठणाऱ्या विस्मरणाच्या आजाराने शलाकाला चाळिशीच्या आत गाठलं होतं, आणि तो वाढत जाणार होता. तिला सगळ्यात बारकाईने ओळखणारा मेंदू तिच्या लेकीचा होता. बदल आधी तिथे कळला, यात शास्त्राच्या दृष्टीने नवल नव्हतं.

ठोसर पुन्हा आल्या तेव्हा त्यांनी बंधन परत घालायची तयारी दाखवली. पट्टी मिठावर येईल, पोर मिठाबद्दल शिकेल.

शलाका बराच वेळ कोरडीच बरणी फडक्याने पुसत राहिली. “बघायची ती बघणारच,” ती म्हणाली. “मग काय बघतेय ते तरी तिला कळू दे. दिवा हिरवा असेपर्यंत विषय बंद करायचा नाही ना, मॅडम?”

दुसरा दिवस आईचा होता. त्यानंतरचेही बरेच. दोघींनी कणकेचा मेंदू केला. आठवण कुठे रुजते, कशी पुसली जाते ते पाहिलं. तनू काहीही विचारायची.

“मला पण विसरशील?”

“कदाचित.”

“मग मी तुला कोण वाटेन?”

घरशाळेत शलाका पहिल्यांदाच ‘माहीत नाही’ म्हणाली.

पावसाळा सरेपर्यंत दिवा मंदावला. आता मीठ दोनदा पडलं की तनू न बोलता आमटीत पाणी ओती. किल्ल्या हव्या असल्या की थेट फ्रीज उघडायची. कपाळावर उजेड नसे. पोर सावरली म्हणून शलाकाला हायसं वाटलं. मग तिला ठोसरांचा जिना आठवला. दिवा विझतो तो मन सावरलं म्हणून नव्हे, भाकीत बरोबर येऊ लागलं म्हणून.

एके सकाळी शलाकाचं डोकं लख्ख होतं. मन हलकं होतं, हात जुन्या सवयीने चालत होते. तिने आमटीत मीठ टाकलं. एकदाच. झाकण घट्ट लावलं आणि बरणी फळीवर तिच्या जागी ठेवली.

मागे तनू पाण्याचं भांडं घेऊन तयार उभी होती. ती थबकली. अनोळखी माणसाकडे पाहावं तशी आईकडे निरखून पाहू लागली, आणि तिच्या कपाळावरचा दिवा हिरवा झाला.