उपरण्याखालची मूठ

कळंबगडावर तांबडे फुटले ते धुक्यात बुडालेल्या तटावर, थंड पडलेल्या तोफांवर आणि पायथ्याच्या छावणीतून निघणाऱ्या धुरावर. गडावरची उपाशी शिबंदी तटावरून त्या धुराकडे टक लावून पाहत होती. बंडखोर सरदार हैबतराव शिंगणे खाली तळ ठोकून होता, आणि चुली पेटतात त्या अर्थी दाणा आहे, असे कोणीही म्हणेल. पण त्या चुलींवर नुसते पाणी उकळत होते. हे पक्के ठाऊक असलेला एक माणूस त्याच वेळी हैबतरावाच्या पुढे पुढे गडाची वाट चढत होता.

हे बसलिंगशेट कोरे, पेठेतले बडे धान्यव्यापारी. घाट चढून येणारा दाणा यांच्याच बैलांच्या पाठीवरून यायचा. वेढा पडताच हैबतरावाने त्यांची एकुलती लेक नीलवा छावणीत आणून बसवली आणि दाणा मागितला. शेटजींनी मुकाट्याने दिला. तेव्हापासून गडावरची माणसे त्यांचे नाव निघाले की थुंकत. बिचाऱ्यांना काय ठाऊक, की मागच्याच आठवड्यात शेटजींनी बैलांचा तांडा गुपचूप दुसऱ्या घाटाने वळवला होता. हैबतराव समजत होता, तांडा वाटेत रखडला. खरे कळले तर नीलवाची धडगत नव्हती, आणि त्या धास्तीने शेटजींचा जीव टांगणीला लागला होता.

छावणीतल्या भुकेचा बोभाटा होण्याआधी गड फितवून घ्यावा, म्हणून हैबतरावाने त्यांना मध्यस्थ केले होते. गडाच्या दरवाजातली छोटी दिंडी उघडून किल्लेदार तुळोजी कुरणे बाहेर आला. गालफडे बसलेली, नजर मात्र तशीच करडी.

"या, शेटजी. आमच्या वैऱ्याला पोसता पोसता बरे बाळसे धरलेत."

"धंदा आहे, किल्लेदार. सरदारांची कोठारे ओसंडताहेत, तुम्ही झाडपाला किती दिवस खाणार? गडाचे मोल करा. चारचौघांत कशाला बोलायचे, आपल्या पेठेच्या रीतीने ठरवू."

पेठेची रीत अशी, की भाव तोंडाने बोलायचा नाही. उपरण्याखाली एकमेकांची बोटे धरून ठरवायचा. तुळोजी दर सुगीला गडाची नाचणी अशीच घेई. हैबतरावाने आजवर धान्य लुटलेच होते, विकत घेतले नव्हते. तो मिशीवर हात फिरवत उभा राहिला.

उपरणे पसरले. तुळोजीने नाखुशीने हात घातला आणि त्याच्या तळव्यात बोटे आलीच नाहीत, आली ती घट्ट मिटलेली मूठ. धान्याच्या बाजारात मिटल्या मुठीचा अर्थ एकच: कोठार रिकामे. तुळोजीने धुराकडे पाहिले, मग शेटजींच्या घामेजल्या कपाळाकडे. मूठ पुन्हा दाबली गेली. तेव्हा किल्लेदाराने त्यांचे मनगट धरून हळूच दिंडीकडे ओढले.

शेटजींनी हात सोडवून घेतला. "येतो, किल्लेदार. नीलवा माझ्यावाचून जेवायची नाही."

"काय ठरले?" हैबतरावाने विचारले.

"शेटजींचे म्हणणे पटले," तुळोजी म्हणाला. "माणसांची समजूत घालायला दोन दिवस द्या."

दुसऱ्या दिवशी दुपारी तांडा कुठे गेला याची बातमी छावणीत आलीच. संतापाने आंधळा झालेला हैबतराव तलवार उपसून नीलवाकडे वळला, तेव्हा तो जन्माचा भित्रा वाणी मध्ये पडला आणि त्याने उजवा हात पुढे केला.

"तांडा या हाताने वळवला, सरदार. पोरीने नव्हे."

घाव हातावर बसला. दुसरा घाव उचलला जाण्याआधी गडाचे दरवाजे उघडले, हर हर महादेवचा गजर घुमला, आणि हैबतरावाच्या उपाशी फौजेने तासाभरात पाठ दाखवली.

सुगी आली, पेठ भरली. तुळोजीने सारे सांगूनही निम्म्या पेठेला पटले नव्हते. लोक शेटजींच्या दुकानावरून मान फिरवून जात. आणि थोट्या हाताशी सौदा तरी कोण करणार? शेटजी दिवसभर नुसते बसून राहत.

एके सकाळी तुळोजी शिबंदीसह गड उतरला. भर बाजारात त्यांच्यासमोर मांडी घालून बसला, अंगावरचा शेला काढून दोघांच्या गुडघ्यांवर पसरला आणि त्याखाली हात घालून ते थोटे मनगट दोन्ही हातांत धरले.

"गडाची नाचणी भरायची आहे, शेटजी."

"भाव?" शेटजींनी विचारले.

"ठरला," किल्लेदार म्हणाला, आणि कितीतरी वेळ त्याने हात काढला नाही.