शीळ थांबते ती जागा

हे मी रचून सांगत नाहीये. रचायला वेळ कुणाला आहे? तारखा माझ्या वहीत आहेत, आणि सासूबाई साक्षीला आहेत.

घटना आमच्या आधीच्या भाड्याच्या घरातली. तिसरा मजला. रात्रीची नाही, भर दुपारची. तीन वाजताची.

माझी मुलगी, ढमी, तेव्हा आठ महिन्यांची होती. तिला कडेवर घेऊन मी कापसाच्या काडीने माझा कान साफ करत होते. शहाणपणच ते! तिने माझ्या कोपराला हिसका दिला. कळ थेट मस्तकात गेली.

डाव्या कानाच्या पडद्याला भोक पडलं.

"भरून येईल," कानाचे डॉक्टर म्हणाले. "पाणी जाऊ देऊ नका, नाक जोरात शिंकरू नका. कानात शीळ मात्र वाजत राहील. शांत खोलीत जास्त, गडबडीत कमी. कधी, कुठे वाजते ते लिहून ठेवा."

मी लिहायला लागले. बारीक, अखंड शीळ. जेवताना, अंघोळीला, झोपेतसुद्धा.

सोमवारी तीन वाजता मी दाराची कडी बघायला गेले आणि...

शीळ थांबली.

कुणीतरी कानावर तळवा ठेवावा तशी.

एक पाऊल मागे आले. सुरू. पुढे गेले. बंद.

घर तर चिडीचूप होतं. मग ती वाढायला हवी होती ना?

मंगळवारी तीनला दारात ती वाजत होती. थांबली फ्रिजपाशी. बुधवारी ढमीच्या खोलीच्या उंबऱ्यात.

वहीतल्या तिन्ही ओळी एकाखाली एक वाचल्या.

ते सरकत होतं.

"अगं, कान आहे तो, रडार नव्हे," नवरा हसला.

मी आधी सासूबाईंवरच संशय घेतला. खोटं कशाला सांगू? त्या दुपारी गुडघ्याला शेकायचा विजेवरचा पट्टा लावायच्या. वाटलं, त्यानेच काहीतरी होत असेल. गुरुवारी सकाळी पट्टा कपाटात लपवला.

"माझा पट्टा कुठे गेला गं?"

"मला काय माहीत, आई?"

"हो का? कान बिघडला तुझा, आणि वस्तू हरवतात माझ्या!"

त्या दुपारी दोन वाजल्यापासून मी ढमीला घेऊन तिच्या खोलीत आडवी झाले. तिला पाजत होते. दाराकडे पाठ. चांगला कान उशीत दाबलेला, त्यामुळे ऐकू येत होती फक्त शीळ.

तीन वाजले.

शीळ... थांबली.

आणि त्या फाटक्या कानात, अगदी जवळ, कुणीतरी श्वास आत ओढला. सावकाश.

सोडला मात्र नाही.

ढमीने प्यायचं थांबवलं. माझ्या खांद्यावरून मागे बघितलं. हसली.

आणि दोन्ही हात वर केले... कुणी उचलून घ्यावं म्हणून करते तसे.

मी मागे बघितलं नाही. तिला छातीशी धरलं आणि बाहेर धावले.

सासूबाई समोरच खुर्चीत होत्या. मला बघून त्यांचा चेहरा पांढरा पडला.

"अगं... आत्ताच तर आत गेलीस ना तू? मी हाक मारली. वळलीसही नाहीस. म्हटलं, डाव्या बाजूने ऐकू आलं नसेल."

मी तासाभरापासून आतच होते.

पट्टा मी त्याच संध्याकाळी परत दिला. आठवड्यात आम्ही घर सोडलं.

आता तीन महिने झाले. पडदा पूर्ण भरलाय, ऐकू नीट येतं. शीळ तेवढी राहिली.

"एक छोटं यंत्र देतो," डॉक्टर म्हणाले. "हळू आवाज सोडतं. शीळ जाणवणार नाही."

मी नको म्हटलं. का, ते त्यांना काय सांगणार?

काल तीन वाजता मी नव्या घराच्या जिन्यात उभी होते. सगळ्यात खालच्या पायरीवर शीळ...

वर येऊन सासूबाईंना सांगितलं. वाटलं, टोमणा मारतील. त्या गुडघा धरून उठल्या, पाळण्यातून ढमीला उचललं आणि मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसल्या.

"जिना किती पायऱ्यांचा आहे गं आपला?" एवढंच म्हणाल्या.

आत्ता अडीच वाजलेत. कान वाजतोय.