खडी मशीनवरची हाक

हे मी रचून सांगत नाही. रचायचंच असतं तर मध्यरात्र घेतली असती, अमावस्या घेतली असती. हे घडलं भर दुपारी, २००४ च्या एप्रिलमध्ये. शहापूरहून मुरबाडला निघालं की सापगावच्या पुढे आत एक खडी मशीन होती. आता बंद आहे, नुसत्या भिंती उरल्यात. तिथून जाताना माझे जयराममामा अजूनही तोंड फिरवतात.

मामा वायरमन. जोडीला नवसूकाका, म्हणजे मामांच्या बहिणीचा, काशीमावशीचा नवरा. मावशीनेच भावाच्या मागे लागून नवऱ्याला या कामात घातलं होतं.

"दादा, तुझ्याबरोबर हायत ना, मग मला घोर नाय," असं ती म्हणायची.

त्या दिवशी सीटी, म्हणजे करंट मोजायच्या कड्या, बसवायच्या होत्या. खडी मशीनचा सगळा करंट मीटरला झेपत नाही. म्हणून मेन लाइनच्या जाड पट्ट्यांवर या कड्या चढवतात आणि त्यांच्या बारीक तारा मीटरला जोडतात. काम फार अवघड नाही. पण हात थेट पट्टीवर असतात, त्यामुळे लाइन बंद पाहिजे म्हणजे पाहिजेच.

मेन स्विच होता बाहेर, ट्रान्सफॉर्मरखालच्या पेटीत. मीटरची खोली लांब, मध्ये खडीचा ढीग. पेटीपाशी उभं राहिलं की आतला माणूस दिसत नाही.

त्यासाठी दोघांची एक रीत होती. पेटीतले तिन्ही फ्यूज उपसायचे आणि आत काम करणाऱ्याच्या कमरेच्या पिशवीत ठेवायचे. त्याने स्वतः बाहेर येऊन ते हातात दिल्याशिवाय लाइन सोडायची नाही. वर एक हाक मारायची, "हात बाहेर?"

ही रीत मामांनी कधी मोडली नव्हती.

काम सुरू करण्याआधी तिथला राखणदार गोजर दारात येऊन उभा राहिला.

"दोन वर्सांमागं हितंच बुधू वायरमन गेला," तो म्हणाला. "त्याचे हात आत, नि बाहेरून कोनीतरी लाइन सोडली. विचारलं पन नाय आत कोन हाय."

त्याने भिंतीकडे बोट दाखवलं. चुन्यात नखांचे ओरखडे होते... खोल, खालपर्यंत गेलेले.

"आमी विचारून सोडतो," मामा हसत म्हणाले.

लाइन बंद केली. टेस्टर लावून बघितलं. फ्यूज काकांच्या पिशवीत गेले. दोन सीटी बसल्या. तिसरी चढवताना काका थांबले.

"दादा, मागं का उभा रायलास? मानेला श्वास लागतोय."

मामा त्यांच्या समोर बसले होते... मीटरच्या तारा सोलत.

"उन्हानं डोकं फिरलं काय भावजी," मामा म्हणाले. पण खोलीत जळक्या केसांचा वास येत होता, तो त्यांनाही आला होता.

शेवटचे एकदोन नट राहिले. मामा पाणी प्यायला बाहेर आले. गोजरने तांब्या दिला. पाणी पिऊन मामा पेटीकडे वळले, आणि थबकले.

पेटीवर तिन्ही फ्यूज ओळीने ठेवलेले होते...

मामांना राग आला. काम उरकून काका फ्यूज ठेवून गेले असणार, हत्यारं आवरायला. हातात द्यायचे सोडून हा काय प्रकार? त्यांनी एक उचलला. एवढ्या उन्हात पडलेला, पण हाताला गार लागला.

"भावजी, हात बाहेर?"

"बाहेर, दादा."

आवाज काकांचाच. मामांनी फ्यूज बसवले. तरी मन मानेना. पुन्हा हाक मारली.

"बाहेर, दादा."

तिसऱ्यांदा तोंड उघडलं, पण शब्द फुटायच्या आतच...

"बाहेर, दादा."

आत जाऊन बघायला हवं होतं. ढिगाला वळसा घालायचा तेवढा होता. पण ऊन मी म्हणत होतं, पोटात कावळे ओरडत होते. मामांनी मेन स्विचचा दांडा वर केला.

स्फोट झाला.

खोलीच्या खिडकीतून निळा जाळ बाहेर आला. मामांनी दांडा खाली ओढला आणि धावले. दार बंद होतं. आतून कडी घातलेली... आणि त्या दाराला आतून कडीच नव्हती.

मामा आणि गोजर, दोघांनी लाथा घातल्या. आतून धाड धाड आवाज येत होता. शेवटी दार मोडलं.

लाइन बंद होती. तरी काकांचे हात पट्टीला चिकटलेले, आणि डोकं मीटरच्या पेटीवर आपटत होतं. पुन्हा पुन्हा. मानगूट धरून कोणी आपटावं तसं. भिंतीवर रक्त उडत होतं. गोजरने बांबू घालून त्यांना उपटलं, तेव्हा तळव्यांची कातडी पट्टीवरच राहिली.

काका वाचले. मुंबईच्या हॉस्पिटलात दोन्ही हात कोपराखाली कापले. शुद्ध आली तेव्हा मामा उशाशी होते. त्यांना बघताच काका किंचाळायला लागले.

"काशी, ह्यानं धरलं मला. ह्यानं माझ्या पिशवीतनं फ्यूज काढले. बाहेर ठेवून आला नि परत माझ्याजवळ बसला. मी बोललो, दादा थांब, नट बाकी हाय. तर माझी मनगटं धरून पट्टीवर दाबली. बाहेरून हाक आली. त्या हाकेला हाच बोलला... माझ्या आवाजात."

मामांनी पोराबाळांची शपथ घेतली. गोजर हॉस्पिटलात येऊन सांगून गेला, जयराम माझ्यासमोर पेटीपाशी होता, पाणी मीच दिलं. मावशीने सगळं ऐकून घेतलं.

"मग माझ्या नवऱ्यानं कोनाला बघितलं, दादा?" तिने विचारलं.

वायरमनचं काम मामांनी त्या दिवसापासून सोडलं.

भाऊबीजेला ते बहिणीकडे जातात. मी सोबत असतो, एकटे जायचा त्यांना धीर होत नाही. मावशी पडवीतच पाट मांडते, ओवाळते, पण घरात ये म्हणत नाही. आत खाटेवर काका बसलेले असतात. मामा दिसले की ते दोन्ही थोटे हात पाठीमागे लपवतात.

परतीच्या वाटेवर मामा दर वर्षी तेच विचारतात.

"मी बाहेरच व्हतो ना रे?"

मी तिथे नव्हतो. तरी मी हो म्हणतो, आणि त्यांच्या हातांकडे बघायचं टाळतो.