आमच्या आधी आलेले आम्ही

१९६७ साली आमचं लग्न झालं आणि १९७४ साली आम्ही मधुचंद्राला गेलो. हे सांगितलं की लोकांना वाटतं, म्हातारी सालांत घोळ घालतेय. घोळ नाही. मधली सात वर्षं आम्ही निघतच होतो.

आमची ओळख लिफ्टमध्ये झाली. म्हणजे मी लिफ्टच्या आत आणि ते बाहेर. मी एका कचेरीत टायपिस्ट होते. एका दुपारी दोन मजल्यांच्या मधोमध लिफ्ट अडकली, दिवा गेला, आणि आत मी एकटी. बऱ्याच वेळाने वरच्या फटीतून आवाज आला.

"बाई, घाबरू नका. येतोच."

"कोण येतंय?"

"मी. लिफ्टवाला."

"कधी?"

"हा काय, येतोच."

मग नुसती खुडबुड, आणि थोड्या थोड्या वेळाने तेच – येतोच. फटीतून मला फक्त त्यांचा एक बूट दिसत होता.

"अहो लिफ्टवाले, तुमच्या बुटाची नाडी सुटलीय."

"बरं झालं सांगितलंत. तुम्ही अडकला नसतात तर मी पडलो असतो." जरा थांबून ते म्हणाले, "आवाजावरून तुम्ही रागीट वाटता."

"आणि तुम्ही खोटारडे. मघापासून येतोच, येतोच चाललंय."

दार उघडलं तेव्हा समोर तेलाने काळे झालेले दोन हात आणि त्यांच्यामागे एक लाजरं हसू होतं. खाली उतरताना त्यांनी सांगितलं की ही त्यांच्या धंद्यातली रीत आहे. आत अडकलेल्या माणसाला कधी 'वेळ लागेल' म्हणायचं नाही, 'जमत नाही' तर मुळीच नाही. येतोच म्हणायचं. त्या एका शब्दावर माणूस तग धरतो.

"आणि खरंच नाही जमलं तर?"

"तरी येतोच म्हणायचं," ते म्हणाले. मला ते फार गोड वाटलं. वय तसं होतं.

बेटाचं वेड त्यांचं. कुठल्याशा गिऱ्हाइकाच्या भिंतीवर त्याचं चित्र पाहिलेलं – निळं पाणी, झुकलेले माड, आणि एका काकूंचं छोटंसं विश्रामगृह. लग्नाआधीच त्यांनी तिथली खोली ठरवून टाकली. सासूबाईंना मधुचंद्र म्हणायची लाज वाटे, त्या 'तुमचं ते बेट' म्हणत. पण निघायच्या आदल्या दिवशी सासरे न्हाणीघरात पडले. यांनी काकूंना तार केली : उशीर होतोय, येतोच.

पुढल्या वर्षी इस्पितळाची लिफ्ट बिघडली. मग नणंदेचं बाळंतपण आलं, मग आणखी काही. दरवर्षी तीच खोली आणि तीच तार.

"अहो, सरळ 'येत नाही' म्हणून कळवा ना," मी एकदा म्हटलं.

"असं कसं कळवायचं? ती बाई वाट बघत असेल."

"म्हणूनच कळवा."

ते हसले आणि हत्यारांची पेटी उचलून गेले.

सुरुवातीला मीही हसायचे. मग ताट झाकून ठेवायला शिकले, मग एकटीने जेवायला शिकले, आणि एक दिवस लक्षात आलं की एकटीने जेवणं मला आवडायला लागलंय. तिथे मी घाबरले. चौऱ्याहत्तर साली कचेरीने मला दुसऱ्या शहरातल्या शाखेत वरची जागा देऊ केली. मी मनातल्या मनात हो म्हणून टाकलं होतं. यांना सांगितलं नव्हतं. त्याच वर्षी – नेमकं त्याच वर्षी – बेटावर जायचं खरंच जमलं. म्हटलं, एवढं एक बघून घ्यावं, मग सांगावं.

पलीकडे नेणाऱ्या बोटवाल्याला सगळे मामा म्हणत. काकूंकडे उतरणार म्हटल्यावर त्याने आम्हाला नीट न्याहाळलं.

"पहिल्यांदाच येताय ना?"

"हो. का मामा?"

"काही नाही. काकू काही बोलल्या तर… हो म्हणायचं. वाद घालायचा नाही."

काकू पायरीवर उभ्याच होत्या. वाळलेल्या, पांढऱ्या केसांच्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. आम्हाला बघून त्यांना जराही नवल वाटलं नाही.

"यंदा दुपारचे आलात? एरवी दिवे लागल्यावर येता."

"काकू, आम्ही पहिल्यांदाच…" हे म्हणू लागले.

"हो, हो. खोली तीच ठेवलीय."

खोली सुरेख होती. समुद्राकडे उघडणारी खिडकी, स्वच्छ मच्छरदाणी, टेबलावर पाण्याचे दोन पेले. त्यातला एक अर्धा प्यायलेला होता. न्हाणीघराची फरशी ओली होती. डाव्या उशीला डोकं टेकल्यासारखा खळगा पडला होता, आणि मी डावीकडेच झोपते.

"बघ," हे माझ्या कानाशी म्हणाले, "आपण येईपर्यंत कुणी तरी आपला हनीमून उरकून घेतला."

मी हसले. पण ती उशी मी उलटून ठेवली.

जेवताना काकूंनी यांची भाजी वेगळी वाढली. "यांना तिखट सोसत नाही. आणि पोरी, तुझ्या चहात साखर घातली नाही हं."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? इतकी वर्षं बघतेय."

हे म्हणाले, धंद्यातल्या युक्त्या असतात, अंदाजाने बोलतात. मला तसं वाटेना. दुसऱ्या दिवशी हे पोहायला गेले तेव्हा मी स्वयंपाकघरात काकूंशेजारी भाजी निवडायला बसले.

"काकू, आम्ही… कसे होतो हो?"

त्यांना प्रश्न विचित्र वाटला नाही. "छान होतात की. तुमची तार यायची, येतोच म्हणून. मग मी चादर घालायची, पाणी भरायचं, दोन ताटं मांडायची. येतो म्हणालेल्या माणसाची खोली दुसऱ्याला देता येते का? पहिल्या वर्षी वाट बघून कंटाळले. मग एका संध्याकाळी तुमच्या खोलीतून हसणं ऐकू आलं. म्हटलं, आली बाई पोरं एकदाची."

माझे हात थांबले होते. "मग?"

"मग दरवर्षी येत राहिलात. एकदा तू रुसलीस, यांनी दाराबाहेर बसून तुला हसवलं. गेल्या वर्षी मात्र बोलतच नव्हतात. ताटावर बसायचात आणि तसेच उठायचात. मग एका सकाळी तू एकटीच निघून गेलीस. मागे वळूनसुद्धा बघितलं नाहीस."

"आणि… हे?"

काकूंनी विळीवरून मान वळवून व्हरांड्याच्या टोकाकडे बघितलं. "ते कुठे जातायत? इथेच आहेत. जेवायला हाक मारली की म्हणतात येतोच. येत नाहीत."

त्या दिवशी दुपारभर मी पडून राहिले. कातरवेळी बाहेर आले तर आभाळ भरून आलं होतं. व्हरांड्याच्या टोकाला, वेताच्या खुर्चीत, हे माझ्याकडे पाठ करून समुद्र बघत बसले होते. पांढरा सदरा, मानेवर वाढलेले केस. मला वाटलं, पाठीला सांगणं सोपं. मी खांबाशी उभी राहिले.

"अहो, मला बोलायचंय. वळू नका… वळलात तर माझ्याच्याने सांगवणार नाही."

ते वळले नाहीत. मी सगळं सांगितलं – ती नोकरी, ते शहर, मनातल्या मनात दिलेला होकार. पावसाची सर माडांवरून चालत आली.

"तुम्ही वाईट नाही आहात," मी म्हणाले. "पण मी अजून त्या लिफ्टमध्येच आहे हो. बाहेरून आवाज येतो. माणूस येत नाही… काहीतरी बोला ना."

खुर्चीतून अगदी हळू, ओळखीच्या आवाजात उत्तर आलं.

"येतोच."

आणि माझ्या पाठीमागे पायरीवर ओली पावलं वाजली. खांद्यावर पंचा, केसांतून खारं पाणी निथळतंय, असे हे उभे होते.

मी खुर्चीकडे बघितलं. कुणी नव्हतं. फक्त वेताची दबलेली बैठक करकरत सावकाश वर येत होती.

यांचा चेहरा उतरला होता. ते तिथेच पायरीवर बसले.

"तुम्ही ऐकलंत?"

"माझाच आवाज होता तो." त्यांनी पंचा तोंडावरून फिरवला. "मी… असा बोलतो?"

"रोज."

"आतून ऐकायला असं वाटतं होय," ते म्हणाले.

मी त्यांच्याशेजारी बसले आणि सगळं पुन्हा सांगितलं. या वेळी तोंडावर. पहिल्याहून किती तरी अवघड गेलं. बोलून झाल्यावर मी त्यांच्या ओठांकडे बघत राहिले. तो शब्द ओठांवर आला होता, मला दिसला. त्यांनी तो गिळला.

"तू जा," ते म्हणाले. "नोकरी घे."

"आणि तुम्ही?"

"मी येईन असं म्हणणार नाही. घराकडे माझ्या लिफ्ट आहेत, आई-बाबा आहेत. जमेल की नाही, मला खरंच माहीत नाही. जमलं तर समोर येऊन उभा राहीन. त्याआधी एका शब्दाने कळवणार नाही."

सात वर्षांत पहिल्यांदा या माणसाने मला काहीही कबूल केलं नव्हतं, आणि पहिल्यांदाच त्यांच्यावर विसंबावंसं वाटलं. मी त्यांच्या ओल्या खांद्यावर डोकं टेकलं.

"रागीट आहेस," ते म्हणाले. "मला आवाजावरूनच कळलं होतं."

"मग पळून का नाही गेलात?"

"नाडी सुटली होती ना."

मग ते उठून स्वयंपाकघराच्या दारात गेले. "काकू, पुढच्या वर्षी आम्ही येत नाही. खोली दुसऱ्या कुणाला द्या."

काकूंनी त्यांच्याकडे एकटक बघितलं. "आणि ते?"

"त्यांनाही सांगा. येत नाही म्हणून."

काकूंनी पळी खाली ठेवली, पदराला हात पुसले आणि व्हरांड्याच्या टोकाला गेल्या. झोपलेल्या पाहुण्याला उठवावं तशा त्या खुर्चीवर वाकल्या आणि हलक्या आवाजात काहीतरी बोलल्या. आम्ही ऐकायला गेलो नाही.

सकाळी पाऊस थांबला होता. पायऱ्यांपासून पाण्यापर्यंत वाळूत एकाच माणसाची पावलं उमटली होती. परतीची नव्हती. आम्ही त्यांच्यावर पाय न देता कडेकडेने चाललो, हातात हात घेऊन. उरलेले दिवस आम्ही नव्याने लग्न झाल्यासारखे वागलो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही, घरात नातवंडं आहेत.

परत आल्यावर मी एकटीच त्या शहरात गेले. हे महिनोन् महिने आले नाहीत आणि येतो असंही कळवलं नाही. मग एक दिवस कचेरी सुटताना फाटकाशी हत्यारांची पेटी घेऊन उभे. त्या शहरात लिफ्ट जेमतेमच होत्या, म्हणून शिलाईयंत्रंही दुरुस्त करू लागले. पुढे सासू-सासरेही आमच्याकडे आले आणि 'सुनेच्या गावी राहतो' असं तक्रारीच्या सुरात, पण सगळ्यांना सांगत राहिले.

मामाने बोट पुतण्याला दिली. तो एकदा बाजारात भेटला, तेव्हा त्याच्याकडून काकूंचं कळलं. त्यांनी ती खोली इतरांना द्यायला सुरुवात केली होती. पाहुणे खूश असत. फक्त अधूनमधून कुणी विचारी, शेजारच्या खोलीतलं ते तरुण जोडपं इतकं कशाला हसतं? त्या बाजूला शेजारची खोलीच नाही. पुढे काकू गेल्या, तेव्हा मामानेच त्यांचं सगळं केलं.

हे काही वर्षांपूर्वी दुपारच्या झोपेत गेले. मी आहे. डोळे अधू झालेत, बाकी ठीक. परवा होणारी नातसून विचारत होती, तीही लग्नानंतर कुठे जायचं ते ठरवतेय.

"आजी, तुम्ही त्या बेटावर कितीदा गेलात?"

"आम्ही दोघं एकदाच," मी म्हटलं. "बाकीच्यांचं मला काय माहीत."